चिंबोरीचं माहेर

गिरीजमध्ये कुणाच्या दारात बेवारस पिल्लू कुंईकुंई करायला लागलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, प्रेमाकाकीला कळवा, एक मुलगी लग्नाची झालीय. चेष्टाच ती, पण खोटी नव्हती. जगन्नाथ राऊतांच्या बायकोने, प्रेमलताने, आजवर इतक्या भटक्या कुत्र्यांना घरं बघून दिली होती की स्वतःच्या मुलाचं, उमंगचं, लग्न जमवताना तिला काही जड गेलं नाही. स्थळ कसं बघायचं हे तिला आधीच पाठ होतं.

कुत्र्यांना तोटा नव्हताच. नायगावकडे टॉवर उभे राहिले तशी हौसेने आणलेली आणि पुढे नकोशी झालेली कुत्रीही वाढली. माणसं गाडी थांबवून वाडीच्या कुंपणाशी जनावर सोडून जात आणि काच वर करून निघून जात. गोणीत घालून पिल्लं आणून टाकणारे तर गावातलेच. प्रेमलता त्यांना केळ्यांचे घड ठेवायच्या पडवीत वाढवी, वसईला नेऊन टोचून आणी, मादी असेल तर ऑपरेशन करून घेई आणि मग स्थळं बघायला निघे.

तिचे नियम होते, आणि ते तिने सासुरवाशिणींच्या चालीरीतींवरूनच बेतले होते. ज्या घरी कुत्रं जायचं त्या घराने आधी मूठभर तांदूळ आणून द्यायचे. ते शिजवून ती कुत्र्याला दोन दिवस खाऊ घाले, म्हणजे नव्या घरच्या अन्नाची चव आधीच जिभेवर बसते. पाठवणीनंतर नाव बदलायचं. माहेरचं नाव माहेरी, सासरी जे ठेवतील ते खरं. महिना-दीड महिन्याने ती एकदा बघून येई, तेही पाहुणीसारखी. हाताने काही भरवायचं नाही, आणि काही झालं तरी जुन्या नावाने हाक मारायची नाही. जुनी हाक कानावर पडली की जनावर धड इकडचं राहत नाही आणि धड तिकडचंही, असं ती सगळ्यांना बजावायची. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून त्या घरी चहासुद्धा घेत नसे. लोक हसत, पण तिने दिलेलं एकही कुत्रं आजवर परत आलं नव्हतं. या गोष्टीचा तोरा तिच्या चालण्यातही दिसायचा.

शेवटचा नियम तिने स्वतःसाठी केला होता. देणाऱ्याने स्वतः ठेवायचं नाही. एकदा ठेवलं की हात आखडतो, म्हणायची.

आणि मग मोगरी आली.

कुठल्याशा गाडीने उडवलेली, पांढरी, मागचा पाय खुब्यातून निखळलेली. पाय सांधला, पण वाकडा. चालली की सगळं अंग एका बाजूला जायचं. असल्या कुत्रीला स्थळ कुठून मिळणार? गणपतीपासून शिमग्यापर्यंत ती राऊतांच्या पडवीत राहिली. पहाटे प्रेमलता मोगऱ्याच्या कळ्या तोडायला वाडीत शिरली की ही मागे, ओळीओळीतून, तिरकी तिरकी. म्हणून तर मोगरी. जगन्नाथ म्हणाले, हिला ठेवूनच घे आता. प्रेमलताने मान उडवली. नियम म्हणजे नियम. तिच्या मनात खरं तर आलं होतं ठेवावी म्हणून, पण एवढ्या वर्षांचा तोरा आड आला.

उमंगची बायको रेवा नायगावच्या टॉवरमधून सासूच्या कुत्र्यांचे फोटो चारचौघांना पाठवत असे. मोगरीचा फोटो असाच फिरत फिरत कृष्णाबाईपर्यंत गेला. कृष्णाबाई आणि रामनाथ हे नायगावच्या खाडीकडचं शेतकरी जोडपं. दोन मुलगे, भूपेश आणि मितेश, टॉवरमध्ये राहायला गेलेले. जुन्या घरात ही दोघंच, पुढे उरलेलं थोडं भातशेत आणि मागे खाडी. कृष्णाबाई गिरीजला आली तेव्हा प्रेमलताने आधीच सांगून टाकलं, की ही वाकडी चालते. कृष्णाबाई आपल्या गुडघ्यांवर हात ठेवत म्हणाली, "मी कुटं सरल चालते?"

तिने पदराच्या गाठीतून लालसर तांदूळ काढून दिले, त्यांच्या खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले. प्रेमलताने ते शिजवले. रोज भाताकडे बघून तोंड फिरवणारी मोगरी त्या दिवशी ताटली चाटून पुसून मोकळी झाली. तेव्हाच प्रेमलताला कुठेतरी टोचलं होतं, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

दीड महिन्याने ती बघायला गेली. युजीनची रिक्षा तिची ठरलेली, त्याने तिला वळणावर सोडलं. रस्ताभर ती एकच चित्र रंगवत होती. मोगरी धावत येणार, अंगावर उडी घेणार, साडीची वाट लावणार, आणि आपण पाहुणीसारखं ताठ उभं राहायचं. नियम आहे ना.

तसं काही झालं नाही. मोगरी आली, हुंगून गेली, शेपूट हलवली, हात एकदा चाटला. मग पलीकडे ओट्यावर मासळी साफ करत बसलेल्या कृष्णाबाईने मान वर न करताच हाक दिली, "ये गो चिंबोरे." आणि मोगरी वळली. सरळ जाऊन तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडली.

चिंबोरी! मोगऱ्याच्या ओळीतून चालणाऱ्या पोरीचं नाव या बाईने खेकडी ठेवलं होतं. का, तर तिरकी चालते म्हणून. रामनाथ कौतुकाने सांगत होते, की आता पूर्ण आळी तिला याच नावाने ओळखते. प्रेमलता हसली, छान आहे म्हणाली, चहा नको म्हणाली. आतून मात्र तिच्या अंगाची लाही लाही होत होती. इतके महिने तिने हळद लावली, पाय चोळला, पण आपल्या पायावर त्या कुत्रीने कधी हनुवटी ठेवली नव्हती. दीड महिन्यात या बाईने असं काय केलं?

घरी येऊन तिने जगन्नाथांसमोर कृष्णाबाईच्या नावाने खडे फोडले. माशाचा काटा घशात अडकेल. चिखलात लोळते. ओट्यावर नुसतं पोतं टाकलंय निजायला. जगन्नाथ केळीची पानं बांधत ऐकत होते. शेवटी म्हणाले, विहीणबाईंचं सगळं वाईट, पण मुलगी बाळसं धरून आहे ना? प्रेमलता तिथून उठून गेली. आपली मुलगी सासरी सुखात आहे हे ऐकून जिच्या जिवाचा जळफळाट होतो अशी आई कुणी बघितली नसेल, पण ती होती. सुखात असायला हरकत नव्हती. आपल्याविना सुखात असायला हरकत होती.

पुढच्या आठवड्यात उमंगला बघायचं निमित्त काढून ती पुन्हा नायगावला गेली. पिशवीत स्टीलच्या डब्यात कलेजी शिजवून घेतलेली. घरापाशी गेलीच नाही. वळणावर बांधाच्या आडोशाला उभी राहिली आणि आधी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मोगरे."

एवढंच. आणि ओट्यावरून ती तिरकी पांढरी आकृती अशी सुटली की प्रेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताने भरवलं, डब्यासकट चाटवलं. म्हणजे विसरली नव्हती. आपलीच होती. परतताना तिला वाटलं, आता झालं समाधान, पुन्हा नाही यायचं.

समाधान कसलं! चटक लागली. मोगरीला कलेजीची आणि हिला त्या धावत येण्याची. आठवड्याला दोनदा ती जाऊ लागली. उमंगला वाटलं, आईला मुलाची ओढ लागली. रेवाला मात्र नवल वाटायचं, की सासूबाई एवढ्या लांबून येतात आणि टेकल्या न टेकल्या तोच निघतात. युजीन एकदा आरशातून बघत म्हणाला, काकी, तिथं घर तर नाही कुठलं, तुम्ही बांधावर काय करता? ती म्हणाली, हवा खाते. जाता-येता चर्च दिसलं की छातीवर क्रूस करायचा तसा त्याने केला आणि रिक्षा पुढे घेतली.

गंमत बघा, इतकं करूनही कृष्णाबाईच्या घरचा चहा ती पीत नव्हती. एकदा रामनाथांनी तिला रस्त्यावर पाहिलं आणि घरी बोलावलं, तर म्हणते कशी, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आम्हांला. तेवढा नियम मात्र काटेकोर.

वैशाख सरत आला होता. एका सकाळी प्रेमलता ओटीवर सोनचाफ्याची फुलं पानात बांधत बसली होती, तेवढ्यात फाटकाशी कृष्णाबाई उभी दिसली. एकटीच, हातात नायलॉनची पिशवी. प्रेमलताने हातातलं पान खाली ठेवलं. हिला कळलं. आता ही चार घरं ऐकतील असा आवाज काढणार.

कृष्णाबाई आत आली, पायरीवर टेकली, पिशवीतून सुकटीची पुडी काढून बाजूला ठेवली. पाणी प्यायली. मग अंगणाकडे बघत म्हणाली, चिंबोरी परत न्या.

प्रेमलताला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. मग तिला आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या की तोंडावर काळजी आणताना नाकी नऊ आले. का हो, काय झालं, असं तिने विचारलं.

कृष्णाबाईने सांगितलं ते असं. बाजूच्या खाजणात टॉवरसाठी भराव चाललाय, मातीचे डंपर सारखे ये-जा करतात. आणि गेले तीन आठवडे ही कुत्री घरी ठरत नाही. सकाळ झाली की वळणावर जाऊन बसते, रस्त्याकडे डोळे लावून. बांधून ठेवली तर दावं चावते. भात खात नाही. परवा डंपर आला तरी उठेना, म्हणून रामनाथ धावले आणि गटारात पडले. मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. कुत्री वाचली ती त्यांच्यामुळे.

"इतक्या पोरी दिल्या तुमी," कृष्णाबाई म्हणाली, "एक परत आली नाय म्हनतात. माजीच आली. माज्या हातालाच गुन नाय." तिने नाकाला पदर लावला. "तुमच्याकडं राहील. तिचं मन इतंच हाय. डंपरखाली जान्यापरीस इतं बरी."

मग कृष्णाबाईने पदर सावरला आणि मांडीवर पसरला.

"तुमच्या घरचे मूठभर तांदूल द्या. दोन दिवस शिजवून घालते तिला. मंग आनून सोडते. म्हंजे परकं वाटायचं नाय."

प्रेमलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यात तिने हात घातला. हातात तांदूळ आले, गार, पांढरे, दुकानातले. या मुठीने मोगरी घरी येणार होती. कुणी काही विचारणार नव्हतं. उलट गाव म्हणणार होतं, बघा, प्रेमाकाकीसारखी माया दुसऱ्या कुणाला जमली नाही. जगन्नाथही म्हणाले होतेच की ठेवून घे. आणि ती बाहेरची बाई, जिने कुत्री वाचावी म्हणून स्वतःच्या हाताने ती परत द्यायला गिरीज गाठलं होतं, ती जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत बसणार होती. मुलगी दोघींचीही होती, पण तिच्या जिवाची काळजी फक्त एकीने केली होती, आणि ती एक प्रेमलता नव्हती. हे तिला त्या डब्यापाशी इतकं स्वच्छ कळलं की तिची तिलाच लाज वाटली.

ती मूठ घेऊन बाहेर आली. कृष्णाबाईने पदर पुढे केला. मूठ काही उघडेना.

"तांदूळ नाही देत मी," प्रेमलता म्हणाली. "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. माझ्या पोटात दुखत होतं."

कृष्णाबाईला कळलं नाही. मग प्रेमलताने सगळं सांगितलं. बांध, डबा, कलेजी, हाक. जुन्या नावाची हाक. सांगताना तिने एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही, आणि हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं असेल. कृष्णाबाई ऐकत होती. तिचा पदर अजून तसाच पसरलेला होता. मग तिने तो हळूहळू गोळा केला, खोचला.

"आमचे मालक पडले," ती म्हणाली.

"हो."

"मी तिच्या ताटलीपुडं बसून रडायचे. खा गो बाय, म्हनून."

कृष्णाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती ओरडली नाही. म्हणाली, "तुमी शिकवलं, तुमीच मोडा. तिच्या मनातून उतरा आनि मंग येऊ नका." मग वाकून सुकटीची पुडी उचलली, पिशवीत परत घातली आणि गेली. प्रेमलताला त्या पुडीचं जेवढं लागलं तेवढं बोलण्याचं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वळणावर उतरली. पिशवी नाही, डबा नाही. मोगरी तिथेच बसलेली. बघताच उठली, धावत आली, हात हुंगले, पदर हुंगला, पायांत घोटाळली. प्रेमलताने घसा खाकरला. ते नाव तिच्या तोंडातून कधी बाहेर पडलंच नव्हतं.

"चिंबोरे, घरी जा."

मोगरीला वाटलं खेळ आहे. ती पुढचे पाय पसरून खाली वाकली, शेपूट हलवत. प्रेमलताने पुन्हा सांगितलं, दरडावून सांगितलं. मग पायातली चप्पल काढून उगारली. इतक्या कुत्र्यांत तिने एकावरही कधी हात उगारला नव्हता. मोगरीने पोट जमिनीला टेकवलं, कान पाडले आणि तिच्याकडे अशी बघत राहिली की प्रेमलताला चप्पल खाली घेता येईना आणि वरही धरवेना. समोरून डंपर हॉर्न देत आला. तिने चप्पल रस्त्यावर आपटली, तेव्हा मोगरी दचकून मागे सरली आणि घराच्या दिशेने निघाली. दर थोड्या वेळाने वळून बघत, तिरकी तिरकी.

रिक्षात बसल्यावर युजीनने मागे न बघताच विचारलं, उद्या पण? ती म्हणाली, उद्या पण.

रोज जायची. रोज तेच. कुत्र्याला शिकवणं जेवढं सोपं, विसरायला लावणं तेवढंच कठीण, आणि प्रेम विसरायला लावणारी माणसं काही कुणी पगारी ठेवत नाही. काही दिवसांनी मोगरी निम्म्या वाटेपर्यंतच येऊ लागली. मग जागेवरच उभी राहून बघू लागली. खोटं कशाला बोला, ज्या दिवशी ती फक्त मान वळवून पुन्हा घराकडे बघत बसली, त्या दिवशी प्रेमलताच्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. मत्सर असा काही रडून-सांगून जात नाही. तो तिथेच होता. ती त्याला सोबत घेऊन येत होती आणि सोबत घेऊन जात होती. जगन्नाथांना तिने सगळं सांगितलं होतं. त्यांनी चेष्टा केली नाही, यावरून तिला आपण किती वाईट दिसत असू हे कळलं.

आणि मग एका दुपारी वळणावर मोगरी नव्हती.

रात्रीच्या पावसाने रस्त्यावर ताजा चिखल होता, डंपरच्या चाकांच्या खोल खुणा. प्रेमलता धावत सुटली. येऊ नका म्हटलं होतं, ते तिला आठवलं आणि ती तरी धावली. घराजवळ आली तेव्हा धाप लागून तिला बोलता येत नव्हतं.

ओट्यावर रामनाथ प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पहुडले होते. कृष्णाबाई तांदूळ पाखडत बसली होती. तिच्या पायाशी, पोत्यावर, चिंबोरी झोपली होती. बाजूला रिकामी ताटली, चाटून पुसून स्वच्छ.

पायांचा आवाज ऐकून चिंबोरी ताडकन उठली. ओट्याच्या कडेशी येऊन उभी राहिली आणि फाटकात उभ्या बाईवर भुंकू लागली. परक्यावर भुंकतात तसं, खरंखुरं, मानेचे केस उभे करून.

प्रेमलता तिथेच थांबली. हेच तर करायला सांगितलं होतं. हेच तिने इतके दिवस उन्हात उभं राहून केलं होतं. ते झालं होतं. आता मागे वळायचं आणि जायचं, तर पाय हलेनात.

कृष्णाबाईने सूप खाली ठेवलं. तिने प्रेमलताकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या चपलांकडे पाहिलं. मग हात लांब करून तिने चिंबोरीची मान धरली आणि तिला आपल्याजवळ ओढली.

"गप गो चिंबोरे," ती म्हणाली. "भुकू नको. विहीन हाय ती."